गॅरेजमधला रिकामा फ्रीजर

प्लेनो, टेक्सास
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई,

शंतनूचा नमस्कार. आम्ही दोघं अगदी मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण ते खोडलं. बरे आहोत. हे खरं आहे. ज्ञानदाचं ऑफिस पुन्हा सुरू झालं. तीन दिवस जाते, दोन दिवस घरून काम करते. भूक लागते म्हणते. परवा स्वतःहून थालीपीठ लावलं, ते करपलं, आणि त्यावरून माझ्याशी कडाडून भांडली, म्हणजे तब्येत सुधारते आहे असं धरायला हरकत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय आणि तुम्ही कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने दिवसातून दोनदा गच्चीवर जाता, अशी सिद्धेशची तक्रार आहे. साताऱ्यात आता सकाळी गारवा येत असेल. इथे ऑक्टोबर निम्मा होत आला तरी दुपारी एसी लावावा लागतो. फराळ यंदा मंडळातल्या एका काकूंकडून विकत घ्यायचं ठरवलंय.

पत्र बघून दचकू नका. जावयाने सासूला चार पानी पत्र लिहिलं म्हणजे एकतर काही मागायचं असतं, नाहीतर काही लपवलेलं सांगायचं असतं. माझं दोन्ही आहे. फोनवर जमत नाही. मी विषयाच्या जवळपास आलो, की तुम्ही "जेवलात का हो?" विचारता, आणि मी उत्तर देईपर्यंत फोन सिद्धेशच्या हातात गेलेला असतो. मग आम्ही मेहुणे-मेहुणे क्रिकेटवर बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून कागदावर लिहितोय. कागद तुम्हाला दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही.

मागच्या रविवारी ज्ञानदाने तुम्हाला डिसेंबरात याल का म्हणून विचारलं. स्पीकर चालू होता आणि मी ओट्याशी कांदा चिरत होतो. तुम्ही म्हणालात, "नको गं बाई. माझा हात लागला की तुमच्याकडे सगळं बिघडतं. मी लांबूनच बरी." फोन ठेवल्यावर ज्ञानदा मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली, ती मी कुकर उतरवला तरी आत आली नाही. तुमच्या त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. ते तुम्ही मागे घ्यावं आणि डिसेंबरात इथे यावं, हे मागणं आहे. पहिल्याच पानावर सांगून टाकलं.

आता तुम्ही दर फोनवर मला जे विचारता आणि ऐकायला थांबत नाही, त्याचं उत्तर. "तुमचं ते गॅरेजमधलं बिघडलं ना हो?" नाही, आई. नाही बिघडलं. आणि त्याला "ते गॅरेजमधलं" म्हणू नका, बिअर म्हणा. तुमच्या गल्लीत कोणी ऐकायला बसलेलं नाही.

ती कशी सुरू झाली हे तुम्हाला माहीतच नाही, कारण आम्ही दोघांनी मिळून ते तुमच्यापासून लपवलं होतं. शेजारचा हेक्टर तुम्हाला आठवतोय ना, शाळेत बँड शिकवतो तो, मिशीवाला. तुम्ही सकाळी फिरायला निघालात की तो त्याच्या लिंबाच्या झाडाला पाणी घालत असायचा आणि तुम्ही दोघं एकमेकांना न कळणाऱ्या भाषेत दहा-दहा मिनिटं बोलायचात. तो घरी बिअर करतो. मेक्सिकोकडे पितात तशी, हलकी, फिकट सोनेरी, उन्हाळ्यात थंड करून लिंबू पिळून प्यायची. त्याच्या तिन्ही मुलांच्या वेळी त्याने ती केली होती. घरात मूल आलं की शेजारीपाजारी बघायला येणार, त्यांच्या हातात बापाने स्वतः केलेलं काहीतरी द्यायला हवं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. सगळं तर बायकाच करत होत्या. तुम्ही साताऱ्याहून डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा आणि कायकाय घेऊन दोन बॅगा भरून बाळंतपणाला आलात, ज्ञानदा तर घरच चालवत होती वर पोटात बाळ. माझ्याकडे पाळणा जोडण्याचं काम होतं, आणि त्याचेही दोन स्क्रू उरले होते.

म्हणून जूनच्या शेवटच्या शनिवारी ज्ञानदा तुम्हाला मुद्दाम देवळात आणि तिथून साडीच्या दुकानात घेऊन गेली, आणि इकडे मी आणि हेक्टरने बिअरचा घाट घातला. तुम्ही इतकी वर्षं मुलींना विज्ञान शिकवलंत, तेव्हा तुम्हाला कृती आवडेल. मोड आणून वाळवलेलं जव भरडायचं, त्यात मका घालायचा, गरम पाण्यात भिजवून त्याचं गोड पाणी काढायचं. ते हॉप्स नावाच्या कडू फुलांबरोबर तासभर उकळायचं. मग गार करून झाकणाच्या बादलीत ओतायचं आणि यीस्ट घालायचं. पुढचं काम यीस्ट करतं, तुम्ही आठवीच्या वर्गात बाटलीच्या तोंडाला फुगा लावून दाखवायचात तेच. फुग्याऐवजी इथे झाकणात पाण्याची एक नळी असते, तिच्यातून बुडुक बुडुक बुडबुडे येतात. आणि तुम्ही चिवड्यासाठी घरभर शोधत होतात ना ते मक्याचे पोहे? हेक्टरचा मका कमी पडला. ते पोहे बिअरमध्ये आहेत.

या बिअरची एक अट असते. ती थंडीत आंबवावी लागते. टेक्सासच्या गॅरेजमध्ये जुलैत पापड भाजून निघतील. म्हणून ती बादली मी जुन्या आडव्या फ्रीजरमध्ये ठेवली आणि एक यंत्र लावून थंडी हवी तेवढी राखली. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, तो मोठा फ्रीजर कसला? तुमच्यासमोर दारूचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. रिकामा आहे, म्हणालो. टाकून द्यायचाय, म्हणालो. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीत मी लोकांच्या चुका शोधून पोट भरतो, पण घरभर न लागणारी बटणं बंद करत फिरणाऱ्या बाईला रिकाम्या फ्रीजरची थाप मारली तर पुढे काय होईल, एवढं मला सुचलं नाही.

मग तो आठवडा आला.

इथे मी चहा करून आलो. परत बसलो, आणि लिंबाच्या लोणच्याबद्दल लिहायला घेत होतो. पण तो आठवडा लिहिल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

हॉस्पिटलमधून आपण तिघं घरी परतलो तेव्हा चार जुलैची संध्याकाळ होती. सगळ्या गल्लीत फटाके उडत होते. तुम्ही गाडीतून उतरताना ज्ञानदाच्या कानांवर हात ठेवले होते. पाळण्याच्या खोलीचं दार तुम्ही आधी पुढे जाऊन लावून घेतलंत. त्यानंतरच्या दिवसांत आपण तिघं एका घरात राहत होतो आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तुम्ही रडताना मला एकदाही दिसला नाहीत. तुम्ही घासत होतात, पुसत होतात, घड्या घालत होतात. हेक्टर बातमी ऐकून दारात आला, आणि हाताने झाडाकडे दाखवून लिंबं घ्या म्हणाला. तुम्ही गेलात आणि झाड मोकळं करून आलात. मग दोन दिवस ओट्याशी उभं राहून लोणचं घातलंत. ज्ञानदा भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची. आणि मी गॅरेजमध्ये जाऊन फ्रीजरला टेकून बसायचो.

तुम्हाला वाटायचं, गाडीचं काहीतरी करतोय. मी काही करत नव्हतो. त्या फ्रीजरची घरघर ऐकत बसायचो. अधूनमधून झाकण उघडून बुडबुडे बघायचो. घरात तेवढी एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे चालली होती. ज्ञानदाला माहीत होतं मी कुठे असतो. आपलं बाळ गेलं आणि हा माणूस बिअर सांभाळत बसलाय, असा तिने अर्थ लावला होता. तिच्या जागी मी असतो तर मीही तोच लावला असता.

मग कागदपत्रांपायी दीड-दोन दिवस मला तिकडे जाता आलं नाही. त्यानंतरच्या संध्याकाळी मी गॅरेजचं दार उघडलं आणि आवाज नव्हता.

आई, आदल्या आठवड्यात डॉक्टरबाईंच्या खोलीत असंच झालं होतं. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. त्या ज्ञानदाच्या पोटावरून ते यंत्र फिरवत होत्या. दर वेळी फिरवल्याबरोबर घोडा दौडल्यासारखा आवाज यायचा आणि आम्ही हसायचो. त्या दिवशी त्यांनी इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, जेल आणखी लावलं, आणि आवाज नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तेव्हा मी रडलो नाही. त्यानंतरही नाही. सह्या केल्या, गाडी आणली, दोन्हीकडच्या घरी फोन केले. आणि मग गॅरेजमध्ये, भिंतीतून उपटलेला एक प्लग बघून मी खाली फरशीवर बसलो आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना.

तुम्ही धावत आलात. काय झालं ते तुम्हाला कळेना. मी नुसता फ्रीजरकडे बोट दाखवत होतो. तुम्ही झाकण उघडून आत बघितलंत, वास आला, तुम्हाला सगळं समजलं. "मीच काढला हो प्लग," तुम्ही म्हणालात, "रिकामा आहे म्हणाला होतात." तुम्ही प्लग परत लावलात आणि मान खाली घालून आत गेलात.

तुम्हाला एवढंच माहीत आहे. जावयाने हौसेने केलेली वस्तू आपल्या हातून नासली आणि तो लहान मुलासारखा रडला, हे घेऊन तुम्ही गेलात. नोव्हेंबरचं तिकीट बदलून ऑगस्टमध्ये निघालात. आम्ही थांबवलं नाही, कारण आम्हाला वाटलं तुमचं मन इथे लागत नाहीये. तीन शहाणी माणसं, आणि कोणी कोणाला सरळ विचारलं नाही.

तुम्ही आत गेल्यावर काय झालं ते आता सांगतो. ज्ञानदा आली. तिने माझा आवाज ऐकला होता. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, मग हळूहळू येऊन माझ्या शेजारी फरशीवर बसली. टाके होते तरी बसली. म्हणाली, "मला वाटलं होतं, तुला काही झालंच नाहीये. ट्रॅव्हल एजंटसारखा फिरत होतास यार सगळीकडे."

हॉस्पिटलातून आल्यावर ती माझ्याशी बोललेली ती पहिली दोन वाक्यं. मग आम्ही बोललो. तिथेच, त्या भट्टीसारख्या गॅरेजमध्ये, घामाने निथळत. तिला माझा किती राग आला होता ते तिने सांगितलं. जर्सी सिटीला तिची मैत्रीण निधी राहते, तिच्याकडे काही दिवस जायचं आणि पुढचं पुढे बघायचं असं तिच्या मनात होतं, बॅगसुद्धा काढून ठेवली होती. ती गेली असती तर मी सोडायला विमानतळावर गेलो असतो, गाडीत पेट्रोल भरलं असतं, आणि तिने मला विचारलं असतं की तुला काहीच वाटत नाही का, तर मी म्हणालो असतो की आहे मी ठीक. आणि मग आमच्यात काय उरलं असतं, मला खरंच माहीत नाही. आत तुम्ही खिचडी टाकली होतीत. तिचा वास आल्यावर आम्ही उठलो आणि दोघांनीही पोटभर खाल्ली. तुम्ही वाढत होतात आणि आमच्याकडे बघत नव्हतात.

म्हणजे तुम्ही जे बिघडवलंत म्हणता, ते हे. एका बादलीपायी माझा संसार वाचला असं लिहिलं तर तुम्हाला नाटकी वाटेल. पण झालं तसंच आहे, आणि मी तुमचा त्याबद्दल ऋणी आहे. आजवर तोंडाने सांगू शकलो नाही.

राहिली बिअर. मी हेक्टरला भीत भीत सांगितलं, की माझ्या सासूने दीड दिवस फ्रीजर बंद ठेवला. तो आधी गंभीर झाला. मग येऊन नळीने थोडी काढून चाखली आणि मिशीत हसायला लागला. या बिअरला पहिलं आंबणं संपत आलं की एक-दोन दिवस थोडी ऊब द्यावी लागते म्हणे, नाहीतर तिला लोण्याचा वास राहतो. तो मला त्याच आठवड्यात सांगणार होता. पण आमच्या घरी जे झालं त्यानंतर बिअरचा विषय काढायला तो धजावला नाही. तुम्ही ती ऊब न सांगता, अगदी वेळेवर दिलीत. हेक्टर तुम्हाला आता "मास्टर ब्रूअर" म्हणतो, म्हणजे बिअर करणाऱ्यांतला उस्ताद. हे सिद्धेशला सांगू नका, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकेल.

नंतर ती कित्येक आठवडे बर्फासारख्या थंडीत मुरली. बाटल्या भरल्या. भरल्यावर मी त्यांना हात लावला नाही. ज्या दिवसासाठी केल्या होत्या तो दिवस येणार नव्हता, मग कशासाठी उघडायच्या? सप्टेंबरात एका शनिवारी ज्ञानदाच म्हणाली, चल, हेक्टरकडे घेऊन जाऊ. आम्ही त्याच्या मागच्या अंगणात बसलो. त्याने ग्लास गार करून ठेवले होते. त्याची पद्धत अशी, की ग्लासच्या काठाला लिंबू फिरवायचं, काठ मिठात बुडवायचा, आणि एक फोड पिळून आत टाकायची. पण लिंबू कुठलं? झाड तुम्ही मोकळं केलेलं. दुकानातलं लिंबू तो घरात आणत नाही, ते त्याच्या तत्त्वात बसत नाही. तो कधी झाडाकडे बघे, कधी माझ्याकडे. तेवढ्यात ज्ञानदा उठली, घरी गेली आणि तुमच्या लोणच्याची बरणी घेऊन आली.

ती बरणी आम्ही तोवर उघडली नव्हती. उघडायला भीती वाटत होती. त्या दिवसांत, तशा मनाने घातलेलं लोणचं. तुमच्या पिढीतल्या बायका म्हणतात तसं हाताचं काही खरं असतं तर वर बुरशीची साय यायला हवी होती. ज्ञानदाने झाकण काढलं. एक ठिपकासुद्धा नाही. साली मऊ झालेल्या, पाक लालसर आणि दाट. तिने तो पाक बोटाने ग्लासच्या काठाला लावला आणि एक फोड आत सोडली. बिअर ओतली तशी ती फोड वर आली. हेक्टरने काठ चाटला आणि तसाच थांबला. त्याची आई आंब्याच्या फोडींवर असंच आंबटगोड तिखट घालायची म्हणे, चामोय म्हणतात त्याला. ही रेसिपी हिच्या आईला कोणी दिली, असं तो मला दोनदा विचारत होता.

चव कशी होती विचाराल. हलकी, कोरडी, थोडी पावासारखी, आणि घोटाच्या सुरुवातीला ओठाला तुमचं लोणचं. ज्ञानदाने अर्धा ग्लास घेतला. हेही सांगून टाकलं.

मग हेक्टरने ग्लास खाली ठेवला आणि सरळ विचारलं, की मुलीचं नाव काय ठेवलं होतंत? आपल्याकडे कोणी विचारलं नाही. इतके फोन आले, इतकी माणसं येऊन गेली, सगळे म्हणाले विसरा, पुढचं बघा, अजून वय आहे. नाव कोणी विचारलं नाही. बारशाआधी आपण नाव उच्चारत नाही म्हणून आम्हीही ते एकमेकांत कुजबुजण्यापलीकडे कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. जूनभर तुम्ही विचारत होतात आणि ज्ञानदा तुम्हाला चिडवत होती, की आजीला सगळ्यांबरोबर पाळण्याखालीच कळेल. त्या अंगणात ज्ञानदाने ते नाव स्पष्ट, मोठ्याने सांगितलं. हेक्टरला ते नीट म्हणता येईपर्यंत तिने तीनदा म्हणवून घेतलं. आणि मला इतकं बरं वाटलं आई, की मी तुम्हाला सांगू शकत नाही. आम्हाला मुलगी झाली होती, आणि तिच्या नावाने कोणीतरी ग्लास उचलला.

मी तुम्हाला असं सांगत नाहीये, की बिअर साधली आणि लोणचं टिकलं म्हणून तुमचा हात शुभ ठरला. तुम्ही वर्गात अशा पुराव्याला शून्य मार्क दिले असते. यीस्टला कोणाचा हात कळत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं, नाळेत पीळ पडला होता, त्याला कोणीच काही करू शकलं नसतं. पण तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी ज्ञानदाला जे म्हणालात ते तिने मला सांगितलं. बाळ जन्मायच्या आधी झबली शिवून आणायला नको होती. लोक नको म्हणत होते, तुम्ही हसण्यावारी नेलंत, जुन्या सुती साड्यांची सात झबली शिवून आणलीत, आणि म्हणून असं झालं.

आई, आता हे नीट वाचा.

त्या दिवशी हॉस्पिटलात नर्सने तिला त्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. ज्ञानदाने तिला घेतलं. मग तुम्ही तुमच्या पिशवीतून ते फिकं पिवळं झबलं काढलंत. नर्सला हातानेच थांबा म्हणालात, आणि तिला ते घातलंत. बाही घालताना तिची बोटं तुम्ही मुठीत धरली होतीत, जिवंत बाळाची अडकू नयेत म्हणून धरतात तशी. बंद बांधलेत. मी खिडकीशी होतो. मला वळता येत नव्हतं. तुम्ही तिला घेऊन माझ्यासमोर आलात आणि म्हणालात, "शंतनूराव, घ्या तिला. बाबा आहात तुम्ही तिचे."

आणि मी घेतलं. तुम्ही म्हणाला नसतात तर घेतलं नसतं, आणि जन्मभर त्या खिडकीशीच उभा राहिलो असतो. मला तिचं वजन माहीत आहे ते तुमच्यामुळे. तिचे केस ज्ञानदासारखे होते, हे मला माहीत आहे ते तुमच्यामुळे. आणि ती गेली ती कोणा परक्याच्या फडक्यात नाही, आजीने शिवलेल्या कपड्यात गेली. तुम्ही लोकांचं ऐकलं असतंत आणि ती झबली आणली नसतीत, तर तिच्या अंगावर घरचं असं काहीच नसतं.

उरलेली सहा झबली तुम्ही आम्हाला दिसू नयेत म्हणून बॅगेच्या तळाशी घालून परत नेलीत. ज्ञानदाला कळलंय. तिला ती हवी आहेत, पण तुमच्याकडे मागायचा तिला धीर होत नाही. कोणाला दिली नसतील तर घेऊन या.

आणि डिसेंबरात या. इकडे काही नवीन बातमी नाही, तसलं काही मनात आणू नका. बाळंतपण नाही, आजारपण नाही, कोणाचं काही करायचं नाही. नुसत्या या. गुडघ्यासाठी खालची खोली मोकळी केली आहे. दुपारी उन्हात बसू. तुम्हाला तिच्याबद्दल बोलायचं असेल तर बोलू, नसेल तर गप्प बसू. तिला हातात घेतलेली घरची माणसं जगात आपण तिघंच आहोत, आई. त्यातल्या एकीने लांब राहून कसं चालेल?

तुमचा, आणि तुमच्याच सांगण्यावरून,

सावनीचा बाबा
शंतनू